म्हैसमाळची झोळी

हॉटेलवाल्याला मी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "खोलीत छताला कडी आहे का?"

पलीकडचा माणूस जपून जपून म्हणाला, "मॅडम, गरम पाणी आहे, टीव्ही आहे, खिडकीतून दरी दिसते. कडी... कशाला पाहिजे?"

"पोरीची झोळी बांधायचीय."

"हां हां, मग काही हरकत नाही!" त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की मला इकडं ऐकू आला. "आहे मॅडम. कडी आहे." कुठं जाऊन बघितलं बिघितलं नाही, बसल्या जागेवरून ठोकून दिलं. पण ते नंतर कळलं.

लेकरू झाल्यापासूनची आमची ही पहिली सहल. नवऱ्याला वाळूजच्या कंपनीत दिवाळीची चार दिवस सुट्टी होती आणि त्याच्या डोक्यात समुद्र होता. मी म्हटलं, सव्वादोन वर्षांची पोरगी घेऊन समुद्रावर जायचं म्हणजे तिच्या मागं पळण्यातच सुट्टी संपायची. शेवटी संभाजीनगरपासून तासाभरावरचं म्हैसमाळ ठरलं. "एवढ्या लांब? झेपेल ना आपल्याला?" नवरा म्हणाला. टोमणा मारल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

खरं कारण पळापळीचं नव्हतंच. माझ्या पोरीला झोळीशिवाय झोप येत नाही, असं आमच्या घरात मानलं जायचं. आणि झोळीची दोरी ओढायची ती माझ्या वडिलांनी, आबांनीच. त्यामुळं सहलीला झोळी आली आणि झोळीबरोबर आबा आले.

आबा गंगापूरकडचे. सगळा जन्म मेंढरांच्या मागं चालण्यात गेला. मी त्यांची एकुलती एक. आई गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तशी त्यांनी मेंढरं विकली आणि गावातल्या घरात एकटे राहायला लागले. सकाळी दोन भाकरी थापायच्या, एक तेव्हा खायची आणि दुसरी रात्री ठेच्याबरोबर, हा त्यांचा स्वयंपाक. एकदा चक्कर येऊन अंगणात पडले तर मला दुसऱ्या दिवशी कळलं. ज्या शेजाऱ्यानं बिचाऱ्यानं फोन करून कळवलं, त्यालाच मी झाप झाप झापलं. दुसरं कोण होतं झापायला?

पण इकडं या म्हटलं तर येणार कसे? लेकीचं घर! माझ्या लग्नानंतर मला मूल होईपर्यंत या माणसानं माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. जुन्या लोकांची रीतच ती. यायचे, पाच मिनिटं टेकायचे, पाणी पुढं केलं की म्हणायचे, "नको नको, आत्ताच पिऊन आलो." गंगापूरहून उन्हात एसटीनं येऊन! मूल झालं की अन्नपाण्याची मोकळीक मिळते, पण मुक्काम ठोकायचा नाही तो नाहीच.

माझी बाळंतपणाची रजा संपली तेव्हा मी त्यांना फोन केला. "आबा, पोरगी कुणाकडंच झोपत नाही. मला सोमवारपासून औरंगपुऱ्यातल्या लॅबमध्ये कामावर जायचंय. निदान झोळी हलवायला तरी या." आबा आले. घोंगडी खांद्यावर, आणि उंबऱ्यातच सांगून टाकलं, "पोरगी झोळीत हाय तवर थांबतो. झोळीतनं उतरली की मी आपला गावाकडं." गावातही हेच सांगून आले होते. त्यांचा चुलतभाऊ आठवड्याला फोन करायचा आणि विचारायचा, "उतरली का पोरगी?" आबा म्हणायचे, "नाय अजून." की इकडं स्वयंपाकघरात माझा जीव भांड्यात पडायचा.

तर पोरगी आता सव्वादोन वर्षांची झाली. झोळीत घातली की पाय बाहेर लोंबायचे. शेजारीण म्हणायची, "काय गं, लग्नापर्यंत हिला झोळीतच ठेवणार का?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

आता खरं सांगते. ती झोळीशिवाय मस्त झोपायची, आणि ते मला माहीत होतं. गणपतीच्या दिवसांत एका रविवारी आबा दाढी करायला गेले होते. ही फरशीवर वाट्या-चमचे मांडून खेळत होती, आणि खेळता खेळता त्याच पसाऱ्यात आडवी होऊन डाराडूर! मी काय केलं असेल? अलगद उचलली आणि झोळीत टाकली. आबा आल्यावर वर तोंड करून सांगितलं, "बाई बाई, काय रडली! झोळीत घातली तेव्हा कुठं गप झाली." आबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "लई सवय लागली तिला." त्यानंतर मी तीन-चारदा तरी हेच केलं. एकदा नवऱ्यानं बघितलं आणि कपाळाला हात लावला. मला लाज वाटली का? अजिबात नाही. पोरगी उतरली की आबा जाणार, आणि मग परत ती शिळी भाकरी आणि ते अंगण. मला ते नको होतं.

निघायच्या दिवशी आबांनी गाडीच्या डिकीत सामान रचलं. झोळीची साडी, झोळीत आडवी घालायची काठी, दोन दावी, एक साखळी आणि हातोडी. नवरा बघतच राहिला. "मामा, आपण सहलीला चाललोय का मंडप टाकायला?"

"असू द्या जावईबापू. लागतंय," आबा म्हणाले.

दौलताबादला रस्त्याच्या कडंला सीताफळांच्या पाट्या होत्या. आबांनी एकेक फळ दाबून, वास घेऊन, विकणाऱ्या बाईला वीट येईपर्यंत निवडून घेतली. पोरीनं त्यातलं अर्धं खाल्लं आणि अर्धं स्वतःच्या कपाळाला, सीटला, आबांच्या धोतराला वाटून टाकलं. बिया तिनं मुठीत धरून ठेवल्या, त्या काही केल्या देईना.

घाट लागला तसे तिचे डोळे मिटायला लागले. गाडीत कुठलं पोर झोपत नाही? आबांच्या देखत अशी बसल्या बसल्या झोपली तर सगळं उघडंच पडणार! मी ओरडले, "अगं बघ बघ, माकड!" नेमके त्याच वेळी दुसऱ्या खिडकीकडून आबा ओरडले, "अगं म्हातारे, शेळ्या बघ, शेळ्या!" तिला ते लाडानं म्हातारी म्हणतात. खरं तर माकडही नव्हतं आणि शेळ्याही नव्हत्या. पोरगी मान टाकायची आणि आम्ही दोघं तिला दोन्हीकडून हलवायचो. मी टाळ्या वाजवल्या. आबांनी बकरीचा आवाज काढला, मग कोकराचा, मग कुत्र्याचा.

"अहो, झोपू द्या की तिला!" नवरा वैतागला.

"झोळीशिवाय कशी झोपंल?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

या सगळ्या छळाचा शेवट म्हैसमाळच्या अलीकडच्या वळणावर झाला. गाडी थांबवून नवऱ्यानं तिला कडेवर घेतलं आणि तिनं खाल्लेलं सगळं सीताफळ त्याच्या दिवाळीच्या नव्या शर्टावर परत केलं. मग एकदम ताजीतवानी होऊन म्हणाली, "आणखी सीताफळ?"

हॉटेलच्या खोलीत कडी होती. तिला पंखा लटकत होता. मॅनेजरशी मी चांगलीच भांडले, तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, कडी आहे एवढंच म्हटलं होतं. रिकामी आहे असं कुठं म्हटलं?" तोवर आबा खोलीच्या मागं जाऊन आले होते. तिथं पत्र्याचा व्हरांडा होता आणि पत्र्याखाली आडवा लोखंडी पाइप. सत्तरीतला माणूस, पाइप भक्कम आहे का बघायला त्याला चक्क लोंबकळला. मॅनेजर धावत आला. आबा खाली उतरून हात झटकत म्हणाले, "चांगलं काम केलंय." अर्ध्या तासात झोळी टांगून झाली.

त्या दिवशी आम्ही खूप हिंडलो. गिरिजादेवीच्या देवळात पोरीला घंटा सापडली आणि मागं लोक खोळंबले तरी ती आबांच्या खांद्यावरून उतरेना. पठारावर गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि वारा असा की तिची टोपी दोनदा दरीकडं पळाली आणि दोन्ही वेळा नवरा तिच्यामागं पळाला. लांबून एक कळप येताना दिसला. आबा उभेच राहिले. मेंढरं पुढं निघून जाईपर्यंत बघत होते. मग म्हणाले, "मेंढरं बरी हायेत. कुत्रं आळशी हाय." पोरगी त्या कुत्र्याला हात हलवून टाटा करत होती. गावाची आठवण येते का, असं त्यांना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. येते म्हणाले असते तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. आबा पोरीला घेऊन मागच्या व्हरांड्यात गेले. नवरा पलंगावर आडवा झाला. मी बाथरूममध्ये तो सीताफळाचा शर्ट घासत बसले. बाहेरून पाइपावर घासणाऱ्या दाव्याचा कर्र-कर्र आवाज येत होता आणि मधूनमधून आबांचं गुणगुणणं. बराच वेळ झाला तरी आवाज काही थांबेना. शर्ट वाळत घालायला म्हणून मी मागचं दार उघडलं.

आबा पायरीवर बसून दोरी ओढत होते. झोळी छान झुलत होती. आणि झोळीत कुणीच नव्हतं.

पोरगी त्यांच्या शेजारी घोंगडीवर उताणी पडली होती. हातपाय चारी दिशांना, तोंड उघडं, गाढ झोपेत.

आबांनी मला बघितलं. दोरी ओढणारा हात मात्र थांबला नाही.

"आबा, हे काय?"

"आत्ताच काढली. उकडत व्हतं तिला."

उकडत होतं! म्हैसमाळला, दिवाळीत! वाऱ्यानं माझ्या हातातला ओला शर्ट फडफडत होता.

"आबा."

मग त्यांनी मान खाली घातली. "पोळ्यापासनं," ते म्हणाले. "पोळ्यापासनं झोळीत झोपतच नाय ती. तू कामाला गेली की माझ्या घोंगडीवर येऊन पडती, दोन मिंटात गार. तुझी यायची येळ झाली की उचलून झोळीत ठेवतो."

पोळ्यापासून! म्हणजे मला कळलं त्याच्याही आधीपासून. खरं तर मी हसायला पाहिजे होतं, पण माझा स्वभावच असला, मला आधी रागच आला. दोन महिने मी जीव मुठीत धरून खोटं बोलतेय आणि हे गृहस्थ!

"मग सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं तर जावं लागलं असतं."

"तुम्हाला जा म्हटलं कुणी?"

"राहा बी कुणी म्हणलं नाय, बाई."

त्यात तक्रार नव्हती. सहज म्हणाले. "तू झोळी हलवायला बोलावलं व्हतं. ते काम संपलं की मग कशाला थांबायचं, तूच सांग."

खरंच की. दोन वर्षांत मी त्यांच्या गोळ्या वेळेवर दिल्या, स्वेटर आणला, मऊ भाकरी वाढली, त्यांच्यासाठी धडधडीत खोटं बोलले, पण राहा, एवढं एकदाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणाले तर काय करायचं, म्हणून विचारलंच नव्हतं. आणि हा माणूस दोन महिने रिकामी झोळी हलवत बसला होता. माझे डोळे भरून आले आणि मला त्याचाही राग आला.

"मी पण तेच करत होते," मी म्हटलं. "ती खाली झोपली की उचलून झोळीत टाकायचे. तुम्ही जाऊ नये म्हणून."

आता कुठं आबांच्या हातातून दोरी सुटली. माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. पोरगी उठू नये म्हणून तोंडावर हात दाबून हसत होते.

"म्हंजी त्या घाटात..."

"माकड नव्हतंच, आबा."

"शेळ्या बी नव्हत्या!"

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले. ओला शर्ट मांडीवर तसाच. "राहा, आबा," मी म्हटलं. "पोरीसाठी नाही. मला तुम्ही घरात पाहिजेत म्हणून राहा."

आबा हळूच म्हणाले, "जावईबापूंना काय वाटंल?"

"राहा की मामा!" आतून आवाज आला. आम्हाला वाटलं होतं तो झोपलाय. "फक्त आता थांबलीय ती दोरी परत ओढू नका. तासभर झाला, डोळ्याला डोळा नाही माझा."

आबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले. पोरीच्या अंगावर घोंगडीचा पदर नीट ओढला. मग घसा खाकरला.

"मग गावाकडनं माझी दोरीची बाज आणावी लागंल," ते म्हणाले. "तुझ्या त्या गादीवर पाठ लई दुखती. पहिल्या दिवसापासनं."

"पहिल्या दिवसापासून? अहो, मग दोन वर्षं बोलला का नाहीत?"

"तवा पाव्हणा व्हतो ना, बाई."