मशिदीचा पडदा

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं, तेव्हा आईने लग्नातला पांढरा शालू बाहेर काढला. त्याचा पडदा शिवायचा, त्यावर जरीने बाबांचं नाव भरायचं आणि कोकणातल्या आमच्या सिनेगॉगमध्ये, तोरा हा आमचा धर्मग्रंथ ठेवतात त्या कपाटापुढे तो लावायचा, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. मला विचारायचा प्रश्नच नव्हता. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. बाबांच्या सरकारी नोकरीपायी यवतमाळला आलो आणि इथलेच झालो. पण सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते इथे कधी जमले नाहीत. बाबांच्या नावाने काही म्हणायचं तर कोकणच गाठावं लागणार होतं.

आईचे डोळे आता सुईला साथ देत नाहीत, म्हणून आम्ही जरीकाम करणाऱ्या एका मुस्लिम कारागिराकडे गेलो. नाव हिब्रूत, म्हणजे उजवीकडून डावीकडे. बाबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकातून अक्षरं उतरवताना मी शहाणीने डावीकडून सुरुवात करून दोन कागद वाया घालवले होते. उर्दू वाचणाऱ्या कारागिराला त्यात काही विशेष वाटलं नाही. गडबड दुसरीच झाली. आमची जुन्या वळणाची माणसं सिनेगॉगला मशीद म्हणतात. आईने त्याला सांगितलं, मशिदीचा पडदा आहे, जपून करा.

त्याने फारच जपून केला. वर्षदिन आठ दिवसांवर आला तेव्हा आम्ही पडदा पाहायला गेलो. काम सुरेख होतं, आणि नावाच्या जागी एक वेल होती.

"काकू, मसजिदीत माणसाचं नाव कायले पाह्यजे?" तो म्हणाला. "म्हनून मी तिथं वेल घेतली."

आमची मशीद म्हणजे काय, हे मी त्याला चढ्या आवाजात समजावलं. मग वैतागून आईलाही म्हटलं, की राहू दे आता, देवाला नाव ठाऊकच आहे.

"देवाला आहे गं. तिकडच्या माणसांना नाही," आई म्हणाली. "चाळीस वर्षं आपण इकडे राहिलो."

कारागिराने कात्री घेतली आणि वेल उसवायला बसला. शालूला भोकं पडली होती, ती झाकायला त्याला अक्षरं जाडजूड भरावी लागली. नाव जरा बेढबच दिसत होतं. मला ते खटकलं, आईला नाही.

वर्षदिनी पडदा लागला. प्रार्थना संपल्यावर एक अनोळखी म्हातारे गृहस्थ पडद्याजवळ गेले. त्यांनी चष्मा लावला, एकेक अक्षर जुळवत बाबांचं नाव मोठ्याने वाचलं आणि वळून विचारलं, "हे कोण?"

मला आधी रागच आला. मग वर्षभरात पहिल्यांदाच रडू आलं. आईने मात्र त्यांना बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि बाबा कुठल्या घरातले, तिथपासून सांगायला सुरुवात केली.