आमची वेगळी भाकर

लोक अजूनही विचारतात. लग्नात विचारतात, मयतीतसुद्धा विचारतात. "तुमची मंडळी अजून वेगळीच का हो? आता तर सगळे एक झाले, तुम्हीच का मागे?" मी म्हणते, बाप्तिस्म्यामुळे. ते मान डोलावतात आणि चहा पितात. एवढंच असतं तर मीही त्यांच्यासोबत चहा पिऊन मोकळी झाले असते.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला एक कौलारू हॉल. बाहेर धड पाटी नाही, आत ना घंटा ना पेटी. उपासना चालवायला पगारी पाळकही नव्हता. मंडळीतलेच तीन जाणते पुरुष सगळं बघायचे. त्यांना आम्ही मंडळीचे वडील म्हणायचो, आणि त्यातले एक माझे बाबा. आठवडाभर ते गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात कापड मोजायचे आणि रविवारी शास्त्र सांगायचे. दोन्हीकडे हात सारखाच. बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही. गिऱ्हाइकांना असा माणूस आवडतो. घरच्यांना तो झेपत नाही.

दर रविवारी आमच्यात येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर मोडत. एका थाळीत एकच जाड पोळी, बिनमिठाची, शनिवारी संध्याकाळी आईनं भाजलेली. बाबा प्रार्थना करून ती मधून मोडायचे. मग थाळी हातोहात फिरायची, ज्यानं त्यानं आपला तुकडा मोडून खायचा. पण ती सगळ्यांसाठी नव्हती. हॉलच्या फरशीत एक हौद होता, त्यावर फळ्या टाकलेल्या. ज्यानं स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केला आणि त्या हौदात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घेतला, त्यालाच भाकर. ज्याला तान्हेपणी मांडीवर घेऊन डोक्यावर पाणी शिंपडलं, त्याचा बाप्तिस्मा आम्ही धरत नव्हतो, मग तो माणूस कितीही देवभोळा असो. असे पाहुणे मागच्या बाकावर बसायचे. तिथपर्यंत आली की थाळी वळायची. कुणी कुणाला काही बोलायचं नाही. थाळी नुसती वळायची.

हे ऐकून तुम्हाला बाबांचा राग येईल. मलाही यायचा. पण त्यांच्या बापाचं ऐका. आजोबा वऱ्हाडातल्या एका खेड्यातले, घरची शेती. नदीत उतरून बाप्तिस्मा घेतला त्याच दिवशी भावांनी त्यांना घराबाहेर काढलं. शेतातला वाटा गेला, विहिरीवर पाणी भरणं बंद झालं, आणि त्यांची आई दारातून त्यांना बघायची पण हाक मारायची नाही. ते नागपूरला आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. बाबांनी हे लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांच्या दृष्टीनं त्या नदीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हतंच.

सत्तरच्या सुमाराला मोठ्या मोठ्या मंडळ्या एक झाल्या, तेव्हा आम्हीही त्यांच्यात यावं असं बोलावणं घेऊन दोन गृहस्थ आमच्या घरी आले. फार सभ्य माणसं. त्यातले एक हसत म्हणाले, "अहो, पाणी थोडं काय न् जास्त काय!" झालं. बाबा उठून उभे राहिले. "माझ्या बापाचं घरदार गेलं त्या पाण्यात," ते म्हणाले. "आता थोडं न् जास्त सारखंच म्हणू, तर तो येडा होता काय?" गृहस्थांनी चहा अर्धा टाकला. आई आत माझ्या कानाशी म्हणाली, "पाण्यावरून भांडून राहिले बाप्पा! नळाले दोन दिवसांपासून थेंब नाही, त्याचं कोणाले काही नाही." मला हसू आवरेना. तेव्हा हसू यायचं.

दोनेक वर्षांनी ताईचं ठरलं. म्हणजे तिनं ठरवलं. ताई शाळेत शिकवायची, आणि तिला आवडलेला माणूस एका दवाखान्यात कंपाउंडर होता. ख्रिस्तीच, पण मोठ्या मंडळीतला, म्हणजे शिंपडलेला. बाबांनी त्याला घरी बोलावलं. कडक बोलले नाहीत. "हौदात उतरा, पोरगी तुमची," इतकंच म्हणाले. तो खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "बाबा, मी लहान असतानाच माझी आई वारली. तिनं माझ्यासाठी केलेली एकच गोष्ट मला माहीत आहे. ती मला मांडीवर घेऊन बाप्तिस्म्याला गेली होती. आता मी तुमच्या हौदात उतरलो, तर ते खोटं होतं असं मीच म्हटल्यासारखं होईल ना?"

मी दारातून बाबांचा चेहरा बघत होते. हा पोरगा आपलंच बोलणं बोलतोय हे त्यांना कळलं होतं. पण कळून काय उपयोग! त्यांनी नाही म्हटलं ते म्हटलंच.

लग्न त्यांच्या मंडळीत झालं. आई आणि मी गेलो. बाबा दुकानात गेले, दुकानाला सुट्टी असताना. पुढच्याच रविवारी ताईला मंडळीतून बाजूला काढल्याचं सांगितलं गेलं. ते सांगायचं काम मंडळीच्या वडिलांपैकी दुसऱ्या कुणीही केलं असतं, पण बाबांनी स्वतः केलं. परत यायचा रस्ता होता. नवरा सोडायचा नव्हता. फक्त सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं होतं, की बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी मी लग्न केलं, हे मी देवापुढं पाप केलं. एवढं म्हटलं की थाळी पुन्हा मिळणार. ताई म्हणाली, "मी नाही म्हणणार." बापाचीच पोरगी! आणि वर दर रविवारी हॉलमध्ये यायची, मागच्या बाकावर बसायची. भाऊजी स्वतःची उपासना आटोपून सायकल हाणत यायचे आणि तिच्या शेजारी बसायचे.

ताई मागे बसली त्या पहिल्या रविवारी थाळी आईच्या हातात आली. मी तिच्या शेजारीच होते. तिनं थाळी मांडीवर धरली, पोळीकडे बघितलं, आणि न मोडता माझ्या हातात दिली. समोर बाबा उभे होते. त्यांनी पाहिलं. मी तुकडा मोडला आणि थाळी पुढे दिली.

घरी येताना बाबांनी विचारलं, "काहून नाही घेतली?"

आई म्हणाली, "भाकर एकच हाय म्हणता ना तुमी? मंग माझ्या लेकीपाशी येऊन ते काहून थांबते?"

बाबांनी शास्त्रातलं उत्तर दिलं. आई म्हणाली, "हो, बरोबर हाय तुमचं," आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. असं किती रविवार चाललं! शेवटी बाकीचे दोघं वडील बाबांना म्हणू लागले, की जी बाई वर्षानुवर्षं भाकर नाकारते तिलाही बाजूला काढायला पाहिजे, नियम सगळ्यांना सारखा. बाबांची झोप उडाली. त्यांनी न सांगताच आईला कळलं. एका रविवारी हॉलमध्ये शिरल्यावर ती आपल्या जागेकडे गेलीच नाही. सरळ मागे जाऊन ताईच्या शेजारी बसली. म्हणजे तिलाही बाजूला काढल्याचं बाबांना स्वतःच्या तोंडानं सांगावं लागू नये. त्यांच्यावरच्या मायेनंच तिनं ते केलं, आणि मला अजून कळत नाही, अशी माया सोसायची तरी कशी.

पोळी भाजायचं कामही मग दुसऱ्या बाईकडे गेलं. शनिवारी संध्याकाळी आईचे हात रिकामे असायचे, तेव्हा ती उगाच तांदूळ निवडत बसायची.

घरात भांडण नव्हतं हो. बाबा तिच्यासाठी संत्री आणायचे, सोलून द्यायचे. ती त्यांचे सदरे निळीत घालायची. शेजारच्या काकूंनी एकदा मात्र वर्मावर बोट ठेवलं. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर धम्म घेतलेला. त्या आईला म्हणाल्या, "आमी तं पंगतीतून उठवलेले लोक, म्हणून तिकडं गेलो. तुमी येशूकडं जाऊन पुन्हा आपल्या आपल्यातच पंगत वेगळी बसवली काय वं?" आई आत येऊन रडली.

मग आईच्या पोटाचं दुखणं निघालं. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उघडून पाहिलं, शिवलं आणि म्हणाले, घरी न्या. आई समजून चुकली. एका संध्याकाळी बाबा पायाशी बसले होते, तेव्हा ती म्हणाली, "अजी, मले एक डाव माझ्या पोरीसंग भाकर खायाची हाय. तुमच्या हातून."

बाबा लगेच उठले. सायकलरिक्षा केली, मला सोबत घेतलं आणि ताईच्या घरी गेले. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. ताईनं पाणी आणलं, ते त्यांनी घेतलंही नाही. अख्ख्या जन्मात मी बाबांना कुणापुढं हात जोडताना पाहिलं नव्हतं, आणि ते पोटच्या पोरीपुढं हात जोडून उभे होते. "तुझ्या मायसाठी म्हण. एकच वाक्य हाय." ताईनं भाऊजींकडे बघितलं. ते म्हणाले, "म्हण ना. आईंसाठी आहे. तेवढ्यानं मी कमी होतो काय?"

रविवारी ताई उभी राहिली आणि बोलली. वाक्य पूर्ण बोलली, मध्ये थांबली नाही. भाऊजी मागच्या बाकावर एकटेच होते, चपलांकडे बघत. बाबा स्वतः थाळी घेऊन ताईपाशी गेले. तिनं तुकडा मोडला तेव्हा बाबा सगळ्यांदेखत रडले, आणि आमच्यातल्या बायकाही रडल्या. सगळ्यांना वाटलं, आज घर जुळलं. मलाही वाटलं.

आजाऱ्याकडे भाकर घरी न्यायची आमच्यात रीत आहे. उरलेली पोळी पांढऱ्या कपड्यानं झाकून बाबा निघाले, मागे आम्ही तिघं. आईला मी सकाळीच वेणी घालून उशांना टेकवून बसवलं होतं. थाळी बघून तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू! ताईला तिनं जवळ बसवलं.

"तुले देल्ली?"

"हो."

"कशी देल्ली वं? तू काय म्हणलं?"

खोटं बोलायला आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. ताईनं सांगितलं.

आईचा हात थाळीकडे जात होता, तो तिनं मागे घेतला. "त्याच्यापुढं म्हणलं? तो आयकत होता?" आई बाबांकडे वळली. आवाज नव्हता तिला, पण एकेक शब्द ऐकू आला. "मी भाकर मागतली तुमाले. जावयाची इज्जत मागतली काय? मले वाटलं, माझ्यासाठी तुमी एक डाव थाळी त्या बाकापर्यंत न्याल. तुमी तं पोरीलेच इकडं ओढून आणलं!"

बाबा, ताई, मी, आम्हा तिघांपैकी कुणाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं आलं. आमच्यात माणूस तिकडून इकडे येतो. थाळी इकडून तिकडे जाऊ शकते हा विचारच आम्हाला शिवला नव्हता, आणि ती बिचारी इतकी वर्षं त्याचीच वाट बघत होती.

मग तिनं भाऊजींना बोलावलं. ते दाराशीच घुटमळत होते. आत आले तशी ती त्यांच्यापुढं हात जोडायला लागली. त्यांनी ते हात धरले. "आई, मी काही ऐकलंच नाही. तिथं मागं नीट ऐकू येत नाही."

"मी बसली ना गा तिथं," आई म्हणाली. "सारं आयकू येते."

बाबा मधोमध थाळी घेऊन उभे होते. मग त्यांनी ती भाऊजींपुढं धरली. सरळ त्यांच्यासमोर. हौदात न उतरलेल्या माणसापुढं. आजोबा, नदी, गेलेलं शेत, सगळं त्या एका क्षणी त्यांनी बाजूला ठेवलं होतं. आई बघत होती. ताई बघत होती. मी मनात म्हणत होते, घ्या हो भाऊजी, घ्या.

भाऊजींनी हात उचलला, आणि तो तसाच खाली आला. "आज नको, बाबा," ते म्हणाले. "घेतली असती हो. पण आज सकाळचं ऐकून... आज नाही होणार माझ्यानं."

बाबांनी मान हलवली आणि थाळीवर कपडा टाकला.

आई मंगळवारी गेली, भाकर न खाताच. त्यानंतर बाबा बरीच वर्षं जगले, दर रविवारी पोळी मोडत राहिले, पण थाळी पुन्हा भाऊजींपुढं धरायची त्यांची हिंमत झाली नाही. भाऊजींनीही कधी मागितली नाही.