बायच्या पोटातले काजवे

आमच्या लॅबमध्ये रिझल्टपेक्षा किस्से जास्त. रिझल्टला वर्षं लागतात हो, किस्सा चहा गार व्हायच्या आत तयार!

आधी काम सांगतो. उंदराच्या यकृतात कॅन्सरची गाठ. तिच्या पेशींत काजव्याचा जीन घातलेला, म्हणून ती मंद चमकते. पोटाला बारीक छेद देऊन केसाएवढं फायबर आत सोडायचं आणि कॅमेऱ्यात तो उजेड बघायचा. नाहीतर दर वेळी गाठ बघायला एक उंदीर मारा! नुसतं बघायला जीव घ्यायचा? छे! म्हणून तर मी इथे आलो.

*

ग्लेंडा आमची पीएचडीवाली, वाकोल्याची. आईने विचारलं, "दिवसभर करतेस काय गं?"

"काजवे बघते."

दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोन उकडलेली अंडी. "चक्कर येते तर सांगायचं ना!"

*

घाटकोपरला आमच्या शेजारचे काका म्हणाले, "तू फायबरमध्ये ना? आमचं नेट बघ जरा." मी उंदरांचं सांगितलं.

"म्हणजे उंदराने वायर खाल्ली?"

"नाही हो काका, वायर उंदरात गेली!"

"वाट लागली! मग आता नेट कधी येणार?"

*

डार्करूममध्ये जराही उजेड चालत नाही. एकदा अख्खा स्क्रीन पांढरा! ग्लेंडाही पांढरी. "कॅन्सर एवढा पसरला?"

बघतो तर आमच्या गाईड सरांचं मनगट चमकतंय. स्मार्टवॉच सांगत होतं, 'उठा, थोडं चाला!' सर उठले आणि मुकाट चालते झाले.

*

उंदरांना नंबर असतात, नावं नाहीत. नावाने जीव लागतो. सात नंबरच्या मादीला ग्लेंडा 'बाय' म्हणायची. सर ओरडले, "नंबर म्हण!"

पुढच्याच आठवड्यात सर दारातून विचारतायत, "बाय जेवली का गं?"

*

औषध सुरू होऊनही बायची गाठ चमकतच होती. सर हळूच म्हणाले, "शुक्रवारी शेवटचं बघू. तशीच असेल तर तिला त्रासात ठेवायचं नाही."

शुक्रवारी बायला भूल दिली, फायबर आत सोडलं. स्क्रीन काळा. फायबर तपासलं, कॅमेरा तपासला. दोन्ही ठीक. पुन्हा बघितलं. काळाच!

ग्लेंडा दार ढकलून बाहेर पळाली. "लाईट गेली! लाईट गेली!" आणि पॅसेजमध्ये बसून हमसाहमशी रडायला लागली.

आमचे इलेक्ट्रिशियन सावंत टॉर्च घेऊन धावत आले. "रडतंस कित्याक गो? पाच मिनटांत आणतंय लाईट!"

सरांनी त्यांचा हात घट्ट धरला.

"सावंत, प्लीज... नका आणू!"