ऑइल बघायला घातलेलं बोट

आधीच सांगतो, असल्या गोष्टींच्या वाऱ्यालाही मी उभा राहत नाही. आमच्या वारज्याच्या सोसायटीत कुणी गाडीला लिंबू-मिरची बांधली, की "लिंबू ताजं आहे तोवर सरबताला न्या" असं तोंडावर सांगणारा मी. सगळी नोकरी एका कारखान्यात तयार माल तपासण्यात गेली. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही... म्हणजे मानत नव्हतो.

तेव्हा आमची लेक केतकी नुकतीच बाळंत झाली होती. सातव्यातच. मुलगी झाली, पण इतकी अशक्त की काचेच्या पेटीत ठेवलेली. जावई परदेशात, तिकिटासाठी धडपडत होता. आत फक्त आईला सोडायचे. मी आणि माझी बायको मंगल बाहेरच्या बाकावर बसून भिंतीकडे बघायचो. नातीचा चेहरासुद्धा मी पाहिला नव्हता. डॉक्टर रोज तेच सांगायचे — श्वास घेता घेता मध्येच थांबते ती, अजून काही सांगता येत नाही.

तिथे बसवत नव्हतं, घरीही बसवत नव्हतं. म्हणून त्या रविवारी दुपारी मी पार्किंगमध्ये जीपखाली शिरलो. जीप म्हातारी, माझ्यासारखीच. मागच्या अ‍ॅक्सलचं गिअर ऑइल गळून चाकात उतरायचं आणि ब्रेक धरायचा नाही. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणून ऑइल अडवणारं रबरी सील दोनदा बदललं, तरी गळती आपली चालूच. हॉस्पिटलमधून कधीही बोलावणं येणार आणि गाडीला ब्रेक नाही! डोकं नुसतं भणभणत होतं.

त्या दिवशी मात्र खोड सापडली. अ‍ॅक्सलवर एक बारीक नळी असते, आतली तापलेली हवा बाहेर जायला. ब्रीदर म्हणतात तिला. ती चिखलाने पार बुजली होती. कोंडलेली हवा ऑइलला सीलमधून बाहेर ढकलत होती. मी तारेने नळी मोकळी केली, पुन्हा नवं सील बसवलं, नवं ऑइल भरलं. राहिली पातळी बघायची. त्याची रीत साधी — ऑइल भरायच्या भोकात बोट घालायचं, टोकाला ऑइल लागलं की झालं.

मी उजव्या हाताची तर्जनी घातली. ऑइल लागलं, गार. आणि मग... आतून कुणीतरी माझं बोट धरलं.

इवलीशी बोटं, एकेक करून मिटली. कोमट. अंगावर सर्रकन काटा आला. हिसडा दिला असता तर सहज सुटलं असतं. पण ज्याने कधी तान्ह्या बाळाच्या मुठीत बोट दिलंय, त्याला ती पकड मी वेगळी काय सांगू? मी तसाच पडून राहिलो.

"अहो! अहो, उठा!" मंगल चपला फटफटवत धावत आली. "केतकीचा फोन आलाय... बाळाचा श्वास थांबलाय. केतकीला बाहेर काढलंय, डॉक्टर आत आहेत. चला, रिक्षा करू!"

"मला नाही येता येणार."

"काय?"

"मंगल, मला आत्ता हलता येत नाही गं."

"माणूस आहात की कोण? तिकडे पोरीचा जीव चाललाय आणि तुम्हाला ऑइल सुचतंय?" ती रडत होती. माझे पाय धरून मला ओढायला लागली.

मी बोट काढलं नाही. भीती वाटत होती, पण बोट काढण्याची भीती त्याहून जास्त होती. आपण काढलं की संपलं, एवढंच डोक्यात. "धर गं बाळा, धर," मी पुटपुटत होतो.

मंगलचा फोन पुन्हा वाजला. "घेतला? श्वास घेतला?" असं ओरडून ती मटकन खाली बसली. आणि बोटावरची पकड सैल झाली. बाहेर काढलं तर नुसतं ऑइल.

हात साबणाने धुऊन आम्ही रिक्षाने निघालो. आम्ही बाकावर टेकतोय तोच नर्स कापसाचा बोळा घेऊन तणतणत बाहेर आली.

"बाळाच्या मुठीला तेल कुणी लावलं? घरचं तेल, घुटी, काही चालणार नाही म्हणून सांगितलंय ना आजी तुम्हाला?"

"आम्हाला आत तरी सोडलंत का कधी?" मंगल भडकली.

मी तो बोळा मागून घेतला आणि हुंगला. गिअर ऑइलला कुजक्या लसणासारखा एक वास असतो. झोपेतही ओळखीन मी तो.

आतल्या पोकळीने बोट ओढलं म्हणावं, तर ब्रीदर मी नुकताच मोकळा केलेला. केतकीच्या हाताचं ऑइल म्हणावं, तर ती जीपच्या जवळपासही आली नव्हती. मनाचे खेळ म्हणायला माझी काहीच हरकत नाही, पण मग तो बोळा?

नात आता बालवाडीत जाते, सगळ्या सोसायटीला पळवते. जीप अजून आहे, गळती पुन्हा झाली नाही. ऑइल बदलायची वेळ मात्र कधीच होऊन गेलीय. दर रविवारी पाना घेऊन खाली जातो, नटाला लावतो आणि हात थांबतो. आत बोट घातलं आणि कुणी धरलं तर? आणि त्या दिवशी मंगलचं ऐकून मी बोट काढलं असतं तर...?

वर येतो. मंगल विचारते, "झालं काम?"

"पुढच्या रविवारी," मी म्हणतो.