चांदणीचा भरवसा

सिंदेवाहीच्या बसस्टँडमागे हेमराजचं टीव्ही गेमचं दुकान होतं, तेव्हा पोरं त्याला गुरुजींपेक्षा जास्त मानायची. गेममधल्या हिरोनं चांदणी घेतली की त्याचं अंग लखलखायचं, गाण्याची चाल बदलायची, आणि तेवढा वेळ कुणी शत्रू त्याचं काही वाकडं करू शकायचा नाही. मग पोरं चेकाळून सुसाट पळवायची आणि हिरो हमखास खड्ड्यात पडायचा. हेमराज मागून ओरडायचा, "अबे, चांदणी दुश्मनासाठी असते, खड्ड्यासाठी नाई!"

पुढे ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आला आणि दुकान बसलं. एक सेट तेवढा उचलून तो गावी परतला आणि बायकोबरोबर, रंभाबरोबर, धान अन् मोहफुलांच्या मागे लागला.

मोह वेचायची त्यांची रीत जोडीची. एकानं वाकून फुलं वेचायची, दुसऱ्यानं त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, डबा बडवायचा आणि झाडीवर नजर ठेवायची. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. रंभा वेचायची, हेमराज डबा बडवायचा. त्याला त्याची लाज वाटायची. एवढा गेमचा उस्ताद, आणि काम काय, तर डबा वाजवणं!

मागच्या मोहाच्या हंगामात वनखात्यानं गावात माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे वाटले. ते डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. वाघ पाठीमागून येतो, चेहरा दिसला की कचरतो म्हणे. हेमराजला हे भलतंच पटलं. रंभाच्या मुखवट्याला तो चांदणीच म्हणू लागला.

एका सकाळी रंभा टोपली घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा हा टीव्हीपुढे बसलेला. बंद पडलेला सेट आदल्या दिवशीच चालू झाला होता आणि शेवटचा टप्पा राहिला होता.

"येत नाई काय तुमी?"

"चांदणी आहे नं तुह्या डोक्शाले. वाघ काय करते? जा तू."

ती बाकीच्या बायांबरोबर गेली. वाटेनं चालताना मुखवटा नीट मागे बघत होता. झाडाखाली रंभा वाकली आणि मुखवटा आभाळाकडे बघू लागला.

बायांनी आरडाओरडा केला म्हणून वाघानं तिला सोडलं. दवाखान्यातून ती जिवंत परतली, पण उजवा खांदा गेला तो गेलाच, आणि मान काही वाकेना. मुखवट्यावर ओरखडासुद्धा नव्हता. हेमराजनं तो चुलीत घातला, सेट विहिरीत टाकला, तरी जीव शांत होईना. जे जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना ओरडून सांगितलं, ते आपल्या बायकोच्या वेळी कसं आठवलं नाही? रंभानं एकदा जरी शिव्या दिल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं.

यंदा मोह गळू लागला, तेव्हा तो एकटाच टोपली घेऊन निघाला. पाठोपाठ रंभा आली, डाव्या हातात डबा घेऊन.

"तू कायले आली? घरी जा नं," तो कसाबसा म्हणाला.

रंभानं त्याच्याकडे पाठ केली आणि झाडीकडे तोंड करून उभी राहिली.

"वाका तुमी," ती म्हणाली. "मी आहो उभी."