सामानापाशी कोण बसणार

आमच्या मराठी मंडळाच्या सहलीत आयांचं काम ठरलेलं असायचं: सामानापाशी बसायचं. कुणाचेही आईवडील तीन महिन्यांच्या व्हिसावर जर्मनीत आले की वडील सगळ्यांबरोबर डोंगरावर, आणि आई डब्यांपाशी. कारण मंडळ बाहेरचं खात नाही. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड, सगळं घरून. इथल्या कॅफेत आपले डबे उघडू देत नाहीत, म्हणून डबे बाहेर. मंडळ याला आपुलकी म्हणायचं. मी कॉलेजात पत्रकं लिहून वाढलेली मुलगी आहे. मी याला बिनपगारी पहारा म्हणते.

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात माझी आई बॉब्लिंगेनला माझ्याकडे आली होती. सदुसष्ट वर्षांची. यवतमाळकडच्या खेड्यांत नर्स म्हणून तिने आयुष्य काढलं, मोपेडवर. मंडळाच्या सहलीची सूचना ग्रुपवर आली, त्यात स्नोमोबिलचा फोटो होता. बर्फावर पळणारी मोटरसायकल म्हणा ना, पुढे दोन पट्ट्या, मागे फिरता पट्टा. आईने फोटो मोठा करून पाहिला.

"हे मला चालवता येईल का गं?"

"का नाही येणार?"

आठवडाभर ती रोज तोच फोटो काढून बघत होती. सहलीनंतर चार दिवसांनी तिचं परतीचं विमान होतं, आणि यवतमाळला काही बर्फ पडत नाही. म्हणजे त्या दिवशी नाही, तर कधीच नाही.

सहलीच्या दिवशी कडाक्याची थंडी. बस आम्हाला उतरवून खालच्या गावात निघून गेली, ती दुपारनंतरच येणार होती. एका शेतकऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र शेतात गवताच्या गाठोड्यांनी आखलेला गोल रस्ता, शेजारी कॅफे, बाहेर एक बाक. अध्यक्षकाकांनी पिशव्या त्या बाकावर रचल्या. काका मोटारीच्या कंपनीत मोठे इंजिनियर, पन्नाशीचे, बोलताना मध्येच जर्मन शब्द पेरणारे.

"आल्झो, मावशी, तुम्ही इथे बसा हं, ऊन सरकेल तसे डबे उन्हात सरकवत राहा. तुम्हाला सवय असेल बाहेर बसायची. फिल्डवर्क केलंय ना तुम्ही!"

काकांची बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "आमच्या आईंना थंडी बाधते हो, त्या आत बसतील." आणि स्वतःच्या आईला हाताला धरून कॅफेत घेऊन गेल्या.

त्यांच्या आईला थंडी बाधते. माझ्या आईला सवय असते. पहिल्या भेटीत आमचं आडनाव विचारून झाल्यावर काकूंनी जो एक लांबट "अच्छा" काढला होता, तो मला तेव्हा पुन्हा ऐकू आला. सवय हा शब्द मी ओळखते. ज्याला बाहेर ठेवायचं असतं, त्याला बाहेरची सवय आहे असं सांगतात.

"आईचं नाव दिलंय ना चालवणाऱ्यांत?" मी काकांना विचारलं.

"अगं, वय बघ त्यांचं! काही झालं तर फर्झिशरुंग देणार आहे का?"

म्हणजे विम्याची काळजी. म्हणजे नाव दिलंच नव्हतं. आणि हे त्यांनी आईला विचारून ठरवलं नव्हतं.

मी सरळ शेतकऱ्याकडे गेले. वयाची अट आहे का, म्हणून विचारलं. त्याने बाकावरच्या आईकडे पाहिलं. "अट खालून आहे," तो म्हणाला, "वरून नाही. हेल्मेटचा नंबर काय?"

आई उठली. मग थांबली. "सामानाचं काय?"

"सामान कुठे पळून चाललंय?"

"विश्वासानं दिलंय गं त्यांनी."

"विश्वासानं नाही आई. सवयीनं दिलंय."

तिने एकदा पिशव्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग स्कार्फवरून हेल्मेट चढवलं.

बसल्या बसल्या तिने मोपेडसारखी उजवी मूठ पिळली. गाडी ढिम्म. पुन्हा पिळली. "बंद पडलेली दिली का मला?" शेतकऱ्याने अंगठ्याखालची छोटी पट्टी दाखवली. तिने ती दाबली आणि गाडी असा हिसका देऊन निघाली की मी ओरडले. ती मात्र हसत होती. "हँडल गरम आहे गं!" एवढंच लांबून ऐकू आलं. "आतून गरम!"

पहिला फेरा जपून. दुसऱ्यात वळणावर अंग आत झुकवायला लागली. तिसऱ्यात सरळ रस्ता आला की उभी राहायला लागली. मागे बर्फाचा फवारा, आणि मध्येच तिची एक आरोळी. अशी आरोळी मी घरी कधी ऐकली नव्हती.

काका आपली गाडी घेऊन गाठोड्यांच्या फटीतून बाहेर गेले, शायनिंग मारायला. मऊ बर्फात त्यांची गाडी रुतली. पाय टाकला तर गुडघाभर आत. बाकीचे हसू की नको अशा चेहऱ्याने बघत होते. आई फेरा घेऊन आली, वेग कमी केला, हेल्मेटची काच वर केली.

"भाऊ, बसा हं तिथंच," ती म्हणाली. "होईल सवय."

आणि अंगठा दाबून गेली. फवारा काकांच्या तोंडावर.

मला वाटलं होतं, तिला ते वाक्य टोचलं नसेल. टोचलं होतं. ती फक्त गाडी मिळायची वाट बघत होती.

जेवायला सगळे बाकाशी जमले, तेव्हा ऊन बाकावरून कधीच सरकलं होतं आणि पुऱ्या पत्र्यासारख्या वाजत होत्या. श्रीखंडात चमचा जाईना. पाण्याच्या बाटल्या दगड. लहान पोरांना कॅफेत गरम सूप मिळालं, ती खूश होती. मोठ्यांनी पुऱ्या कडाकडा मोडल्या. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही.

काकू आईसमोर डबा धरून उभ्या राहिल्या. "मावशी, निदान सांगून तरी जायचं!"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

काकूंनी झाकण लावायचा प्रयत्न केला. तेही बसेना.

परतताना आई खिडकीशी बसली. तिच्या उजव्या हाताचा अंगठा मांडीवर दाबत होता, सुटत होता.

पुढच्या हिवाळ्यात ग्रुपवर सहलीचा मेसेज आला, शेवटी नेहमीचाच प्रश्न: सामानापाशी कोण? मी एकच शब्द लिहिला, "अध्यक्ष." संध्याकाळी काकांनी स्वतःच होकाराचा अंगठा टाकला.

तेव्हापासून सामानापाशी बसायची पाळी ठरते, आणि दर सहलीनंतर यवतमाळहून आईचा फोन येतो. कशी आहेस, जेवलीस का, हे नंतर. आधी ती विचारते, "कोण बसलं गं सामानापाशी?"

मी नाव सांगते. ती पोटभर हसते.