उंबरठ्यावरची सामुद्रधुनी

जगातल्या यच्चयावत आरमारप्रमुखांना समुद्रातलं जेवढं कळतं, त्याहून आमच्या मैलापूरच्या घरमालकांना चार बोटं जास्तच कळतं. हे माझं मत. त्यांचं तर ते आहेच आहे. वास्तविक तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या या मराठी मामांची अख्खी नोकरी तांबरमला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली, आणि समुद्रात घोट्याच्या वर ते कधी उतरलेले नाहीत. पण एकुलती एक लेक तेलाच्या जहाजावर अधिकारी झाली, आणि मामांनी सातही समुद्र दत्तक घेतले.

यंदा लेकीचं जहाज नेमकं अशा अरुंद सामुद्रधुनीतून जायचं होतं, जिच्या पाण्यावर हक्क सांगत दोन देशांच्या युद्धनौका समोरासमोर उभ्या ठाकल्या होत्या. झालं! दारात कोलमची रांगोळी काढायची पिठाची वाटी मामांनी मामींच्या हातातून काढून घेतली. रोज सकाळी उंबरठ्यापुढे तांदळाच्या पिठाचे दोन किनारे उमटू लागले. चिंचोके म्हणजे युद्धनौका, सुपारी म्हणजे लेकीचं जहाज. "लोकांच्या दारांत लक्ष्मी येते, आमच्या दारांत आरमार!" मामी कपाळावर हात मारून म्हणायच्या. ये-जा करायची ती मधल्या वीतभर मार्गानंच. एकदा दूधवालीचा पाय हद्दीत पडला, तर मामांनी तमिळमधून असा कडक निषेध नोंदवला की बाई दूध फाटकावरच ठेवू लागली. मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू; बँकेत जाताना रोज लंगडी घालत उतरायचो. मधोमध चिमूटभर पिठाचं वादग्रस्त बेट असायचं, ते तर नऊच्या आत मुंग्या फस्त करायच्या. "बघ पा," मामा खूश होऊन म्हणायचे, "भांडणारे बसले भांडत, बेट गेलं तिसऱ्याच्याच पोटांत!"

एका मंगळवारी मामांच्या मोबाइलवरचा, लेकीचं जहाज कुठं आहे ते दाखवणारा ठिपकाच नाहीसा झाला. धोक्याच्या पाण्यात जहाजं आपला ठावठिकाणा मुद्दाम लपवतात, हे मला मामांनीच शिकवलं होतं. तेच मी त्यांना तीनतीनदा ऐकवलं, पण छे! बुधवारी मामा फोन मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. दार कोरं ठेवू नये म्हणून मामींनीच पिठाचे चार ठिपके टाकले. ते बघून मला अगदी भडभडून आलं.

गुरुवारी सकाळी मी जिना उतरत होतो, तेवढ्यात मामांचा फोन वाजला आणि लेकीचा आवाज जिन्यापर्यंत आला. "अप्पा, सुटलो आम्ही तिथून! सगळे ठीक आहोत." दोन्ही सरकारांना रोज सल्ले देणारा हा माणूस! "जेवलीस काय गे?" एवढंच ते म्हणाले. मग विचारलं, "परत कुठल्या वाटेनं?"

"वाट एकच आहे, अप्पा. तेल भरलं की पंधरा दिवसांनी."

"सेरी, बरं," मामा म्हणाले. फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. "आज बँक नको पा. इथंच जेव."

मामींनी तिसरं पान मांडलं. मी नुकताच पोटभर पोहे खाऊन निघालो होतो. तरी मामांच्या शेजारी बसलो आणि जेवलो.